अम्मा म्हणाली, पनी

बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात, नदीकडच्या गल्लीत एक तीन मजली इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर संध्या, तिचा नवरा विक्रांत, मुलगा आकाश आणि सासू सुंदराबाई राहत. २००५ च्या जुलैत नदीचं पाणी इमारतीत शिरलं तेव्हा विक्रांत उल्हासनगरला होता, कॅम्प एकमधल्या कापडाच्या दुकानात कामावर. संध्याने सासूला आणि दहा वर्षांच्या आकाशला माळ्यावर चढवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिघं तिथेच बसून राहिली. पाणी माळ्याच्या कडेला लागलं होतं.

शेजारच्या खोलीत नाथामामा एकटे राहत. अर्धांगाने त्यांची एक बाजू गेली होती. पाणी चढत होतं तसे ते मधल्या भिंतीवर काहीतरी आपटत राहिले. काठी असेल, नाहीतर वाटी. संध्याने माळ्यावरून भिंतीला तोंड लावून ओरडून सांगितलं, "मामा, दम धरा, येतंय कोणीतरी." कोणी आलं नाही. अंधार पडायच्या सुमाराला आवाज बंद झाला.

हे संध्याने फक्त विक्रांतला सांगितलं. तो म्हणाला, "तू काय करणार होतीस?" खरंच काही करण्यासारखं नव्हतं. तरी त्यानंतर ती पलंग त्या भिंतीला टेकवून ठेवेना. आकाशला तिने अंबरनाथला माहेरी पाठवलं आणि त्याची शाळाही तिकडचीच केली. ज्यांना जमलं ते घर सोडून गेले. विक्रांतला जमण्यासारखं नव्हतं.

नाथामामांची खोली सहा-सात महिने बंद होती. मग ती लिसीने भाड्याने घेतली. लिसी केरळची. उल्हासनगरच्या एका खाजगी हॉस्पिटलात नर्स होती आणि नवरा मस्कतला. जिबिन नावाचा अडीच वर्षांचा मुलगा होता, त्याला सांभाळायला तिने गावाहून आईला आणलं होतं. नाव अन्नम्मा, पण इमारतीत सगळे तिला अम्माच म्हणायला लागले. पांढरी वस्त्रं, कानाच्या वरच्या कडेला सोन्याच्या बाळ्या, आणि मल्याळमशिवाय एकही भाषा येत नाही.

अम्मा आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एक गंमत झाली. भर दुपारी गॅलरीतून आवाज आला, "चोर, चोर." दुसऱ्या मजल्यावरची ठमाबाई हातात केरसुणी घेऊन धडाधड खाली उतरली. ठमाबाई मूळची इथलीच, आगरी, साठीची आणि अंगाने दणकट. संध्याही बाहेर धावली. बघतात तर अम्मा भाताची वाटी घेऊन जिबिनच्या मागे पळत होती.

संध्याकाळी लिसीला सांगितलं तेव्हा ती हसून हसून भिंतीला टेकली. "ताई, हमारे में चोरु मतलब भात," ती म्हणाली. मग तिने आणखी काही शब्द सांगितले. पट्टी म्हणजे कुत्रा. मोळे म्हणजे पोरी. वा म्हणजे ये. म्हणजे अम्मा दारात उभी राहून "वा, वा" करायची ती सुंदराबाईंच्या लुगड्याची तारीफ नव्हती, ती त्यांना घरात बोलवत होती. सुंदराबाईंना हे फार आवडलं. त्या दिवसापासून त्या दुपारच्या अम्माकडे जाऊन बसायला लागल्या. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या.

त्या संध्याकाळी घरात जाताना लिसी एवढंच म्हणाली होती, "संध्याताई, अम्मा काय बोलली तर आपल्या मराठीचं समजू नका हां. पहिले मला फोन करा."

२००६ च्या ऑगस्टमध्ये तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. मागच्या वर्षासारखा नव्हता, पण हेंद्रेपाड्यात आता कुणाला पावसाची मापं कळत नव्हती. माणसं दर तासाला नदीवर जाऊन बघून यायची. ठमाबाई रोज सकाळी जिन्यातून खाली येताना म्हणायची, "पानी वाढला नाय अजून." संध्या म्हणायची पाणी, ठमाबाई म्हणायची पानी, लिसी हिंदीत पानी म्हणायची आणि वरच्या मजल्यावरचा बिहारी गवंडी आणखी वेगळंच म्हणायचा. तीन दिवस त्या इमारतीत या एका शब्दाशिवाय कुणी दुसरं बोलत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. विक्रांत कामावर होता. सुंदराबाई पलंगावर पडल्या होत्या. संध्या तांदूळ निवडत बसली होती आणि मधल्या भिंतीवर थाप पडली.

तिचे हात थांबले.

पुन्हा थाप पडली, मग एकामागून एक. भिंतीच्या त्याच भागात, जमिनीपासून हातभर उंचीवर. संध्या हलली नाही. भिंतीपलीकडे कोण राहतं, हे त्या क्षणी तिला आठवत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की आवाज सुरू आहे, आणि तो बंद होईल तेव्हा काय झालेलं असेल हे तिला माहीत आहे.

सुंदराबाई उठून बसल्या. "संध्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुला पण ऐकू येतंय ना?"

तेवढ्यात दार वाजलं. उघडलं तर अम्मा. केस सुटलेले, पदर नाही, डोळे विस्फारलेले. तिने संध्याचा दंड धरला आणि ओरडली, "पनी! पनी! वेगम्, वेगम् वा!"

पाणी. वेग. एवढंच संध्याला कळलं.

तिने बाहेर डोकावून पाहिलं नाही. लिसीला फोन करावा, चोर आणि भाताची गोष्ट आठवावी, यातलं काहीसुद्धा तिच्या मनात आलं नाही. लिसीने अम्माला थोडं हिंदी शिकवलं असेल, पानी म्हणता येत नाही म्हणून पनी म्हणते आहे, हेही तिने नंतर स्वतःला सांगितलेलं कारण. त्या वेळी ती गॅलरीत धावली आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहून सगळा जीव एकवटून ओरडली, "पाणी आलं! वर चला, पाणी आलं!"

आवाज जिन्यातून वर गेला आणि खिडक्यांतून गल्लीत. पहिल्यांदा कुठेतरी भांडं पडलं. मग दारं उघडली. तळमजल्यावरची माणसं वर पळायला लागली आणि वरची माणसं पोरांना शोधत खाली. समोरच्या चाळीतून कोणीतरी ओरडलं, "धरण फुटलं." हे कुणी कुणाला सांगितलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोन मिनिटांत गल्लीभर तोच शब्द झाला. लोक स्टेशनच्या दिशेने धावत सुटले. एक बाई शिलाई मशीन उचलायला बघत होती, ते उचलवत नव्हतं आणि ती सोडतही नव्हती.

संध्याने सासूला दोन्ही काखांत हात घालून उठवलं. सुंदराबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना ओढत तिने जिन्यापर्यंत आणलं आणि दोन पायऱ्या चढवल्या. मागून धक्के बसत होते. एका माणसाने सुंदराबाईंच्या खांद्यावर हात टेकवून पुढे उडी घेतली. संध्याच्या कानात सारखी घुरघुर येत होती. ती पाण्याचीच आहे अशी तिची खात्री होती.

अम्माने आता संध्याचा पदर धरला होता. संध्या वर ओढत होती आणि अम्मा खाली.

"सोडा, अम्मा. वर चला, वर," संध्या म्हणाली.

अम्माने मान हलवली. तिने संध्याचा हात धरून आपल्या कपाळावर ठेवला, मग आपल्या खोलीकडे बोट दाखवलं. पुन्हा कपाळावर ठेवला, पुन्हा खोलीकडे बोट. ती आता ओरडत नव्हती. अगदी बारीक आवाजात तोच शब्द म्हणत होती, "पनी, मोळे, पनी." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

संध्याने पहिल्यांदा खाली पाहिलं. जिन्याच्या पायऱ्यांवर ओल्या चपलांचे ठसे होते. पलीकडे गॅलरीची फरशी कोरडी होती.

तरी तिची भीती गेली नाही. पाणी आलं नसेल तर येत असेल. एवढी माणसं उगाच धावतील का? आपण हाक दिली म्हणून ती धावत आहेत, हे तिच्या लक्षात येत नव्हतं. पाय वर जायला बघत होते. वर गच्ची होती, आणि खाली नाथामामांची खोली.

सुंदराबाई पायरीवर बसल्या आणि कठड्याला घट्ट धरून म्हणाल्या, "जा तू."

"आई, पाणी..."

"मला पण ऐकू यायचं तेव्हा. त्या माळ्यावर मी काय बहिरी नव्हते. मागच्या खेपेला नाही जाता आलं. आता जाता येतंय ना? जा."

वर्षभरात सासूने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. संध्या माघारी वळली.

नाथामामा गेल्यापासून ती या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. लिसीशी बोलायची ती दारातून. आत अंधार होता. चटईवर, त्याच भिंतीशी, जिबिन पडला होता. डोळे पांढरे झालेले, दातखीळ बसलेली, हातपाय ताठ होऊन झटके देत होते. त्याच्या अंगाला हात लावला आणि संध्याने तो मागे घेतला, इतकं ते तापलेलं होतं. पोराला तापाची आकडी आली होती. अम्माने एकटीने त्याला धरून ठेवलं होतं आणि सोडून उठता येईना म्हणून बसल्या जागेवरून भिंत बडवली होती. कोणी आलं नाही तेव्हा ती दाराशी आली होती.

संध्याने त्याला कुशीवर वळवलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि उचलून बाहेर आणलं.

सुंदराबाई कठड्याला धरून तशाच बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांशी, जिन्याखाली, ठमाबाई पडली होती. वरून खाली येताना कुणाचा तरी धक्का लागला असावा, शेवटच्या सात-आठ पायऱ्या ती घरंगळली होती. एक पाय भलत्याच बाजूला वळला होता. ती ओरडत नव्हती, नुसती दात खाऊन कण्हत होती. तिचा मुलगा चंदर रिक्षा चालवायचा. तो जेवायला घरी आला होता. त्याने आणि गवंड्याने मिळून तिला उचललं आणि रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवी टाकली.

"चंदरभाऊ, पोराला पण घ्या," संध्या म्हणाली. "आकडी आलीय."

चंदरने पोराकडे पाहिलं आणि म्हणाला, "बसा."

ठमाबाईचं डोकं संध्याच्या मांडीशी आलं, पोर छातीशी. अम्मा चंदरच्या बाजूला अर्धी बाहेर लटकत बसली. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली आणि अडकली. पुढे माणसांची भिंत होती. कुणाच्या डोक्यावर टीव्ही, कुणाच्या पाठीवर म्हातारी. चंदर हॉर्न दाबून दाबून थकला. जिबिनचे झटके थांबले होते, पण आता तो काहीच हालचाल करत नव्हता. संध्याने त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास लागत होता की ते पावसाचं वारं होतं, तिला कळेना. ती बोट तिथेच धरून बसली.

"नदी तर हाय तशी हाय," बाजूने जाणारा कोणीतरी सांगत होता. "मी आत्ता पुलावरनं आलो. कुठाय पाणी?"

चंदरने मान बाहेर काढून ते ऐकलं. "म्हणजे आलंच नाय?"

"कोणीतरी बोंब मारली."

चंदर आरशातून मागे आईकडे बघत म्हणाला, "ज्याने बोंब मारली ना, तो मला भेटू दे फक्त. पाय काढून हातात देईन त्याच्या."

आरशात त्याचे डोळे संध्याला दिसत होते. तिने मान खाली घातली आणि पोराच्या ओल्या केसांवर हनुवटी टेकवली. तेव्हा पहिल्यांदा तिला स्वच्छ कळलं की पाणी आलं असं कुणी म्हणालंच नव्हतं. ते फक्त तिने म्हटलं होतं.

स्टेशनजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जिबिनला इंजेक्शन दिलं, अंग थंड पाण्याने पुसून घ्यायला लावलं आणि रक्त तपासायला पाठवलं. अर्ध्या तासाने पोर रडलं. अम्मा जमिनीवर बसून कपाळ त्याच्या तळपायांना लावत राहिली. ठमाबाईचं मांडीचं हाड मोडलं होतं. तिला उल्हासनगरला न्यावं लागणार होतं आणि गाडीची वाट बघत होते.

तोवर गल्लीतली दहा-बारा माणसं दवाखान्याच्या व्हरांड्यात गोळा झाली होती. भीती उतरली की माणसांना राग येतो, तसा तो आला होता. एकीचं मंगळसूत्र गर्दीत गेलं होतं. एकाचं पोर तासभर सापडलं नव्हतं.

"मी सांगतो कोण ओरडलं," वरच्या मजल्यावरचा एक जण म्हणाला. "ही केरळवाली म्हातारी. मी ऐकलं. पनी पनी करत होती."

चंदर वळला. अम्मा त्याच्याकडे बघून हात जोडून उभी राहिली. त्याने रिक्षातून आणलं म्हणून ती आभार मानत होती. तो तिच्या दिशेने दोन पावलं चालून गेला. अम्मा तशीच हात जोडून हसत उभी होती.

त्या दोन पावलांत संध्याला गप्प बसता आलं असतं. नंतर तिने हे विक्रांतजवळ कबूल केलं, की गप्प बसायचं तिच्या मनात आलं होतं. अम्माला बोलता येत नव्हतं. तिने काही सांगितलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

"चंदरभाऊ," ती म्हणाली, "मी ओरडले. पाणी आलं असं मी म्हटलं. तिने नाही."

चंदर थांबला. "तुम्ही?"

"ती दुसरंच काहीतरी सांगत होती. मला पाणी ऐकू आलं. मी बघितलंसुद्धा नाही."

सगळे तिच्याकडे बघत होते. ज्यांच्याबरोबर तिने मागच्या वर्षी चिखल उपसला होता, तीच माणसं. चंदरचा हात वर आला आणि दाराच्या चौकटीवर पडला. चौकट हादरली. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं संध्याला वाटलं.

फोन मिळाल्यावर लिसी उल्हासनगरहून पोचली तेव्हा अंगावर युनिफॉर्म तसाच होता. तिने आधी पोराला पाहिलं, रिपोर्ट वाचला. मलेरिया निघाला होता. मग ती बाहेर आली आणि अम्माकडून सगळं ऐकून घेतलं.

"पनी मतलब बुखार, ताई," ती म्हणाली. "ताप."

"पाण्याशी काही नातं नाही त्याचं?"

"काही नाही. असंच. आवाज सेम." लिसीने डोळे पुसले. "वेगम् मात्र तुमचंच आहे. लवकर. ते बरोबर ऐकलं तुम्ही."

पुढचे काही दिवस वाईट गेले. संध्या नळावर गेली की बोलणं थांबायचं. इमारतीची मीटिंग झाली. त्यात लिसीने खोली सोडावी असं दोघा-तिघांनी काढलं. संध्याने उभं राहून पुन्हा तेच सांगितलं, आणि घालवायचं तर आम्हाला घालवा म्हणाली. विक्रांत तिच्या शेजारी उभा होता. विषय तिथेच राहिला. चंदर मीटिंगला आलाच नाही. जिन्यात भेटला की तो भिंतीकडे सरकून तिला वाट द्यायचा, आणि त्याच्या त्या सभ्यपणाची तिला जास्त भीती वाटायची.

ठमाबाईच्या पायात सळई घातली. ती घरी आली तरी दोन महिने पलंगावर होती. संध्याला जायचं धाडस होत नव्हतं. शेवटी एके दिवशी सकाळी, चंदर रिक्षा घेऊन गेल्याचा आवाज ऐकून, ती वर गेली आणि दारातच उभी राहिली.

"ये गो, बस," ठमाबाई म्हणाली.

संध्या पलंगाच्या कडेला बसली. काय बोलायचं ते तिने पाठ करून आणलं होतं. त्यातलं काही आठवेना. "माझ्यामुळे झालं, मावशी," एवढंच म्हणाली.

ठमाबाईने दाराकडे नजर टाकून आवाज खाली आणला.

"तुना पानी दिसलेला का?"

"नाही."

"मग ऐक. चंद्यालापन सांगितला नाय मी. मी वरशी खाली कशाला आले? बघाया आले, खरा का खोटा. जिन्याच्या वळनावर वाकून बघितला." पांघरुणाचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. "मना दिसला पानी. खालच्या चार पायऱ्या बुडालेल्या. काळा पानी, त्याच्यावर कचरा फिरत व्हता. मी घाबरून माघारी वळाया गेले आनि पडले. कोनाचा धक्का नाय लागला मना."

त्याच्या थोडंच आधी जिन्याच्या तळाशी संध्या सासूला धरून उभी होती. पायऱ्यांवर ओल्या चपलांचे ठसे होते, आणखी काही नव्हतं.

"पडले तवा हात टेकला," ठमाबाई म्हणाली. "सुकी फरशी."

खालून अम्माचा आवाज येत होता. ती जिबिनला भरवत होती. दोघी तो ऐकत बसल्या. मग ठमाबाईने संध्याचा हात धरला आणि म्हणाली, "रोज ये. एकटी असले का मी जिन्याकडं बघत बसते."